शिस्त पथकाची प्रमुख

छायाने साडीची कड पिकोच्या मशीनखाली सरकवली आणि मोबाईल टुणटुणला. पुन्हा टुणटुणला. मग थांबेचना. पालकांच्या ग्रुपवर काहीतरी पेटलं होतं. एरवी त्या ग्रुपवर असतं काय? सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार, संध्याकाळी 'गणिताचा गृहपाठ कोणी टाकेल का', बस्स. आज मात्र सगळे तुटून पडले होते. सहावीतला मुलगा आहे म्हणे. कानातून रक्त आलं म्हणे. सरकारी दवाखान्यात नेलाय. मारलं हो कोणीतरी. मारलं नाही, पडला. माझा मुलगा सांगतोय, मारलंच.

"अगं बाई!" छाया घरात एकटीच ओरडली. मग तिने मशीन बंद केलं आणि ग्रुपवर बोलून संदेश टाकला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ज्या कोणाच्या कार्ट्याने हे केलंय ना, त्याला उलटं टांगलं पाहिजे. आणि त्याच्या आईबापांनाही बोलवा. घरी काय शिकवतात ते कळू दे."

खाली पटापट अंगठे पडले. छायाताई बोलल्या म्हणजे बोलल्या.

आता ही छाया कोण, ते सांगायला हवं. नाशिक रोडला जेलरोडच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, नवरा ललित एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर, पाळ्यापाळ्यांनी जाणारा. ही घरी साड्यांचं फॉल-पिको करायची. शिकली बारावी, पण तोंड असं चालायचं की भल्याभल्यांनी वाट सोडावी. शाळेच्या सुरक्षा समितीवर पालकांमधून तिला निवडलं, ते काही उगाच नाही. ही समितीसुद्धा सरकारच्या आदेशानेच झालेली. मध्यंतरी कुठल्या कुठल्या शाळांतून ऐकवणार नाहीत असे प्रकार झाले, पेपरवाल्यांनी रान उठवलं, आणि सरकार दचकून उठलं. मग आला आदेश. शाळेत कॅमेरे लावा. पालकांची समिती करा. शिक्षकांनी मुलांच्या अंगाला हात लावायचा नाही. कुठे मारामारी झाली, कोणाला दुखापत झाली, तर दुसऱ्या दिवसाच्या आत पोलिसांना कळवा, लपवलंत तर मुख्याध्यापक घरी.

जूनमधल्या सभेत बोरस्ते सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तो आदेश वाचून दाखवला तेव्हा पालकांत चुळबुळ सुरू झाली. कारण आधल्याच आठवड्यात आठवीतल्या एका दिवट्याने शेजाऱ्याच्या मांडीत कर्कटक खुपसलं होतं. छाया उठून उभी राहिली.

"सर, तुम्ही हात लावायचा नाही. आम्ही लावला तर पोरं घर सोडून जायच्या धमक्या देतात. मग पोरांनी भ्यायचं कोणाला? काहीतरी धाक पाहिजे की नको? ते काही नाही, सर. काय वाटेल ते करा, पण धाक बसवा."

टाळ्या पडल्या, चांगल्या कडाडून. बोरस्ते सर हसले आणि म्हणाले, "आदेशात शिक्षकांनी हात लावायचा नाही असं लिहिलंय, ताई. मुलांनी मुलांना सांभाळू नये असं कुठे लिहिलंय?"

सांभाळायचं म्हणजे काय करायचं, हे एकानेही विचारलं नाही. विचारायला नको होतं का? पण सगळे चहाकडे वळले.

पंधरवड्यात शाळेत शिस्त पथक निघालं. नववीतली निवडक मुलं-मुली, छातीवर लाल बिल्ला. आणि पथकाची प्रमुख कोण? तर छायाची वैष्णवी. वर्गात पहिली, दोन वेण्या घट्ट, बोलणं मोजकं. आणि खरं सांगायचं तर जादूच झाली. घंटा झाली की रांगा आपोआप लागायच्या. जिन्यावर ढकलाढकली बंद. मधल्या सुट्टीतही कोणी उगाच केकाटायचं नाही. शिक्षण खात्याच्या विस्तार अधिकारी बाई येऊन वाखाणून गेल्या. किराणा दुकानात छायाला थांबवून बायका म्हणायच्या, तुमच्या पोरीने शाळा सुधारली हो. छायाला काय, आभाळ ठेंगणं झालं होतं.

तर असा सगळा थाट, आणि त्यात ही बातमी.

वैष्णवी शाळेतून आली. दप्तर खुंटीला लावलं, हातपाय धुतले, ताट घेऊन बसली. वरणभात, वर तुपाची धार, लोणच्याची फोड. शांतपणे जेवली.

"तुमच्या शाळेतल्या पोराला लागलं म्हणे गं?"

"हो. अमोल. सहावी ब."

"कोणता अमोल? तो गोरक्षभाऊचा? भाजीवाल्याचा?"

"हो."

छाया हळहळली. गोरक्ष एकलहऱ्याकडून रोज पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजारात यायचा. छाया त्याच्याकडेच घ्यायची. एखादी जुडी तो वरून टाकायचा. अमोल सुट्टीच्या दिवशी गाडीवर बसलेला असायचा, गोट्यांसारखे डोळे, सदा हसरा. तिने पटकन रवा भाजला, शिरा केला, डब्यात भरला.

"चल, बघून येऊ."

"मी कशाला?"

"कशाला म्हणजे? पथकाची प्रमुख ना तू? समितीवर मी. आपण नाही जायचं तर कोणी जायचं?"

वैष्णवीने जरा आढेवेढे घेतले. अभ्यास आहे म्हणाली, डोकं दुखतंय म्हणाली. पण छायापुढे कोणाचं चाललंय!

मुलांचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. दाराजवळच्याच खाटेवर अमोल निजला होता. डाव्या कानावर ही मोठी पट्टी, हाताला सलाईन. उशाशी गोरक्ष बसला होता, बाजारातल्याच मळक्या शर्टात.

"या ताई," तो उठला. "कानाचा पडदा फाटला म्हंत्यात डाक्टर. उलट्या थांबंना, चक्कर येती, म्हनून ही बाटली लावली."

"अरे देवा! आणि झालं कसं?"

"पडला म्हंतो. खेळाच्या खोलीत."

वैष्णवी मागे, दारात रेंगाळली होती. ती आत आली. आणि अमोलने तिला पाहिलं.

पुढे जे झालं ते छायाला जन्मात विसरता येणार नाही. ते पोरगं, ज्याला मान उचलली तर गरगरत होतं, ते खाटेवरून ताडकन उठलं. खाली उतरलं. सलाईनची नळी ताणली गेली, स्टँड हिंदकळला. आणि थंडगार फरशीवर अनवाणी उभं राहून त्याने हाताची घडी घातली आणि सलाईनचा हात तसाच वर नेऊन बोट तोंडावर ठेवलं. सरळ, ताठ. नजर समोरच्या भिंतीवर. नळीत खालून रक्त चढायला लागलं, लालभडक, तरी ते हलेना.

"आरं! आरं काय करतो? झोप!" गोरक्ष धावला. त्याने पोराला खांद्याला धरून बसवायचा प्रयत्न केला. पोरगं लाकडासारखं. "अम्या, आरं नळी निघंल!"

अमोल बापाकडे बघेसुद्धा ना.

मग वैष्णवी बोलली. अगदी हळू, घरात बोलायची तशीच.

"बस."

आणि तो बसला.

हातातला डबा छायाने कधी गादीवर ठेवला, तिला कळलं नाही. नर्स आली, ओरडली, नळी सारखी केली. गोरक्ष म्हणत होता, "तापाच्या भरात करतंय पोरगं." छाया नुसती मान हलवत होती. तिने अमोलच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला, तर त्याने डोळे गच्च मिटून घेतले. तिने हात मागे घेतला.

खाली आल्यावर गेटबाहेर शहाळेवाल्याच्या गाडीमागे तिने पोरीला दंडाला धरून थांबवलं.

"तू मारलंस त्याला?"

"शिक्षा दिली."

"वैष्णवी!"

"आई, हळू बोल. लोक बघतायत."

"लोक गेले खड्ड्यात! कशाने मारलंस?"

"हाताने. पट्टीचे वळ उठतात. वळ उठले की घरून तक्रार येते."

छाया तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. हीच ती पोर, जिला झुरळ मारता यायचं नाही?

"सरांनी सांगितलं होतं, असं मार म्हणून?"

"सर म्हणाले, काय करायचं ते तुम्ही ठरवा आणि मला सांगत बसू नका. फक्त शाळा शांत पाहिजे आणि तक्रार नको. खेळाच्या खोलीत कॅमेरा नाही ना, मग तिथे नेतो आम्ही."

"नेतो आम्ही," छाया पुटपुटली. "आणि काय केलं होतं गं त्या लेकराने?"

"रांगेत हसला."

"हसला?"

"एक हसला की सगळे हसतात, आई. मग रांग राहते का?" तिच्या आवाजात जरा वैतागच होता, मोठ्या माणसाला साधी गोष्ट समजावून सांगावी लागते तसा. "आज जरा जोरात लागली. कान मध्ये आला. मी मुद्दाम नाही केलं."

"आज म्हणजे? याआधी?"

वैष्णवीने दंड सोडवून घेतला.

"तुला काही वाटत नाही का गं? काहीच?"

"आधी वाटायचं," वैष्णवी म्हणाली. शहाळेवाला कोयत्याने शहाळं सोलत होता, ती तिकडे बघत होती. "पहिल्यांदा केलं ना, तेव्हा घरी येऊन मी रडले होते. तुला वाटलं पोटात दुखतंय, तू ओव्याचं पाणी दिलंस. मग नाही वाटलं. आणि सगळे ऐकायला लागले. माझ्यापेक्षा उंच मुलंसुद्धा. मी नुसती वर्गात आले की गप्प." तिने आईकडे पाहिलं. "छान वाटतं गं."

ऑगस्टमध्ये दिलेलं ओव्याचं पाणी छायाला आठवलं, पाठ चोळून दिलेली आठवली. पोर रडत होती आणि आपण ओवा देत होतो! रिक्षात बसल्यावर तिला पोरीच्या शेजारी बसवेना, आणि तिच्यापासून दूरही सरकवेना.

दिवेलागणीला बोरस्ते सर स्कूटरवर दारात हजर. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. वैष्णवीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आतल्या खोलीत गेली, पण दार लावलं नाही.

"ताई, दवाखान्यात जाऊन आलात म्हणे."

"आले."

"मग तुम्हाला कल्पना आलीच असेल." त्यांनी पाणी पिऊन घेतलं. "मी पोलिसांना कळवलंय. आदेशच आहे, कळवावं लागतं. मुलगा खेळाच्या खोलीत चेंडूंच्या पेटीला अडखळून पडला, असं कळवलंय. उद्या सकाळी समिती बसेल. फौजदार बाई येतील, विस्तार अधिकारी येतील. तुम्ही समितीवर आहात. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"खोटं?"

"ताई, खरं सांगितलं तर काय होईल ते ऐका. पोरगी बाल न्याय मंडळापुढे. पेपरात नाव येत नाही म्हणतात, पण जेलरोडला नाव यायला पेपर लागतो का? दाखला हातात देतील. पुढच्या वर्षी दहावी. कोणती शाळा घेईल?"

"आणि तुमचं काय, सर?"

बोरस्ते सर एकदम उसळले. "माझं काय! माझे दोन्ही हात बांधायचे आणि वर म्हणायचं, शाळा शांत ठेवा! आठशे पोरं आहेत, ताई! तुम्हीच उठून म्हणालात ना, काय वाटेल ते करा? मी केलं. सगळे खूश होता की चार महिने."

सर गेले. छायाने ललितला फोन लावला, तो दुसऱ्या पाळीला होता, मागे यंत्रांची घरघर. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "हे बघ, एकच पोर आहे आपल्याला. गप्प बस. त्या पोराच्या औषधपाण्याचं आपण बघू. पण तू गप्प बस, छाया. हात जोडतो."

फोन ठेवून ती वळली तर वैष्णवी दारात उभी.

"बाबा म्हणाले ना, गप्प बस म्हणून?"

छायाने सरांचा रिकामा तांब्या उचलला.

"मग झालं तर," असं म्हणून वैष्णवी अभ्यासाला बसली.

सकाळी छायाने नेहमीसारख्या वैष्णवीच्या वेण्या घातल्या. भांग पाडताना बोटं कानांवरून गेली. इवलेसे कान, टोचताना ही किती किंचाळली होती, सोनारालाच रडू आलं होतं. आज पोर आरशात बघून बिल्ला सरळ करत होती. सांगावं की न सांगावं? रात्रभर तेच चाललं होतं. सांगितलं तर पोर हातची जाते. नाही सांगितलं तर? अजून काय राहिलंय जायचं, असंही तिच्या मनात आलं, आणि तिने ते मनातून झटकून टाकलं. ती गप्पच बसणार होती. अगदी ठरवून निघाली होती.

समिती चित्रकलेच्या वर्गात बसली. पालक बाकांवर कोंबून बसलेले, एकेकाचे गुडघे छातीला. समोर खुर्च्यांवर विस्तार अधिकारी बाई, फौजदार बाई, बोरस्ते सर. गोरक्ष एका कडेला उभा, बस म्हटलं तरी बसेना. विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून वैष्णवी फळ्याजवळ उभी, हात मागे बांधून. आदेशाप्रमाणे विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी लागतो, तो कायदाही सरांनी पाळला होता.

टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. व्हरांडा दिसला. अमोल चालत खेळाच्या खोलीकडे गेला, एकटा, आपल्या पायांनी. मागून वैष्णवी. दार लागलं. सगळे बघत होते. बंद दार आणि रिकामा व्हरांडा, बराच वेळ. मग दार उघडलं, आणि वैष्णवी अमोलला खांद्याला धरून बाहेर घेऊन आली. तो कान दाबून लटपटत होता.

"हे बघा," बोरस्ते सर म्हणाले. "पडल्याबरोबर या मुलीने त्याला उचललं, बाहेर आणलं, शिक्षकांना बोलावलं. घाबरली नाही. रक्त पुसलं स्वतःच्या रुमालाने."

"अरे वा!" विस्तार अधिकारी बाईंनी मान वर केली. "शाबास हं बाळा. आदेशात आपल्याला हेच तर हवं आहे, मुलांनी मुलांची काळजी घेणं. सर, हिचा अहवालात उल्लेख करा."

"थँक यू, मॅडम," वैष्णवी म्हणाली.

आणि टाळ्या वाजल्या हो! पालक टाळ्या वाजवत होते. मागच्या बाकावरच्या एका बाईने छायाच्या पाठीवर कौतुकाने थोपटलं. गोरक्षसुद्धा, पट्टी बांधलेलं पोर दवाखान्यात टाकून आलेला तो माणूससुद्धा, वैष्णवीकडे बघून हात जोडत होता. "लय उपकार, ताई तुझे," म्हणत होता. आणि वैष्णवी त्याचा नमस्कार घेत होती. ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू.

छाया उठली. का उठली, तिचं तिलाही सांगता येणार नाही. ते हसू तिला बघवलं नाही, एवढंच.

"तो पडला नाही," ती म्हणाली.

टाळ्या विरल्या.

"ताई, बसा," बोरस्ते सर म्हणाले. "ताईंना रात्री झोप नाही, त्यामुळे..."

"तो पडला नाही. वैष्णवीने मारलं त्याला. माझ्या पोरीने. कानाखाली. रांगेत हसला म्हणून." तिचा आवाज चिरकत होता, पण आता थांबायचं कसं? "आणि हा एकटाच नाही. शिस्त पथकवाले रोज कोणाला ना कोणाला त्या खोलीत नेतात. कॅमेरा नाही म्हणून नेतात. सरांना माहीत आहे. विचारा पोरांना! घरी जाऊन आपापल्या पोरांना विचारा, लाल बिल्ला दिसला की काय होतं पोटात!"

वर्गात एकच गलका झाला. "काहीतरी बोलू नका", "पोरीचं आयुष्य बरबाद कराल", "अहो, आई आहे की वैरीण!" बोरस्ते सर उभे राहून हातवारे करत होते, फौजदार बाई शांत राहा म्हणून टेबल आपटत होत्या. त्यात गोरक्ष पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळे आपोआप गप्प झाले. आता हा माणूस त्या पोरीवर धावून जाणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"मीच सांगितलं व्हतं," गोरक्ष म्हणाला.

"काय?" फौजदार बाईंनी विचारलं.

"पोरीला. गाडीवर आली व्हती आईसंगं कोथमिरीला. म्या म्हनलं, आमचं अम्या लय वांड हाय, तुमच्या पथकात नाव हाय ना तुझं, दोन ठिवून देत जा त्याला. घाबरू नको, म्हनलं. माझी परवानगी हाय." त्याने डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच ओघळत होतं. "हसून म्हनलं व्हतं ओ. कान जाईल असं कुठं वाटलं व्हतं?"

छायाला आठवलं. ती तिथेच होती की! कोथिंबीर निवडत होती. गोरक्ष हे म्हणाला तेव्हा ती मोठ्याने हसली होती आणि म्हणाली होती, ऐकलंस ना गं?

फौजदार बाई वैष्णवीकडे वळल्या. "बाळ, आई म्हणते ते खरं आहे का?"

वैष्णवी फळ्याजवळून निघाली. बाकांच्या मधून, अजिबात घाई न करता, चालत आली. छायाला वाटलं, येते आहे, कुशीत शिरायला येते आहे. तिने हातसुद्धा पुढे केले.

वैष्णवीने आईच्या कानाखाली मारली.

सगळा वर्ग हादरला. छाया बाकावर आदळली. कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली, कुकर लांब कुठेतरी वाजत राहावा तशी, आणि त्या बाजूचं जग बंद झालं. एवढी ताकद? एवढ्याशा हातात? चौदा वर्षांच्या पोरीच्या? आणि हीच त्या चिमुरड्याच्या कानावर बसली होती!

"तू सांगणार नव्हतीस!" वैष्णवी ओरडली. काल दुपारपासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "बाबा म्हणाले होते! तू सांगणार नव्हतीस!"

छाया उठली आणि तिचा हात वर गेला. कोणत्याही आईचा जाईल तसाच गेला, आपोआप, खांद्यापासून ताणून. आणि मागून, त्याच बाकावरून जिथून मघाशी पाठ थोपटली होती, कोणीतरी म्हणालं, "ठेवा एक, ताई! चांगली ठेवून द्या!" दुसरं कोणी म्हणालं, "आईचा हक्क आहे!" तिने आजूबाजूला पाहिलं. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. विस्तार अधिकारी बाई मान खाली घालून कागद चाळायला लागल्या होत्या. बोरस्ते सर खिडकीबाहेर बघत होते.

वैष्णवीने डोळे मिटले. हात पाठीमागे बांधले. पाय जुळवले, आणि डावा गाल जरासा पुढे केला, नीट, हाताला सोयीचा पडेल असा.

छायाने हात खाली घेतला. बाकाचा आधार घेऊन ती फौजदार बाईंकडे वळली. आपला आवाज तिला अर्धाच ऐकू येत होता, त्यामुळे तो किती मोठा निघतोय हे तिला कळत नव्हतं.

"लिहून घ्या, मॅडम," ती म्हणाली. "पोरीचं नाव लिहा, माझं लिहा, सरांचं लिहा. सगळं सांगते. पण आधी ही जी बाई ठेवा एक म्हणाली ना, तिला बाहेर काढा."

कोणी जागचं उठलं नाही. फौजदार बाईंनी पेन उघडलं. आणि वैष्णवी डोळे मिटून, गाल पुढे करून तशीच उभी होती. आई मारत का नाही, हे तिला कळतच नव्हतं.